चार अक्षरांची मी

आधीच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. आमच्याकडे मराठीच्या तासालासुद्धा शेजारणीशी मराठीत बोललं की मॉनिटर नाव लिहून घ्यायची! त्यामुळे पुढे ऱ्हस्व-दीर्घाचे जे काही घोळ सापडतील ते संपादक मंडळाने निस्तरावेत. मला फक्त एक प्रश्न मांडायचाय, आणि तो इंग्लिश सेक्शनमध्ये मांडला तर हॉस्टेलमध्ये कोणी वाचणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

प्रश्न असा की एखादी पर्सनॅलिटी टेस्ट मला सांगू शकते का, की मी इंजिनिअर व्हावं की होऊ नये?

गोष्ट पाचव्या सेमिस्टरची. प्लेसमेंट सेलची नोटीस लागली : सर्व टी. ई. विद्यार्थ्यांनी अमुक दिवशी लॅबमध्ये हजर राहावे, व्यक्तिमत्त्व चाचणी आहे. हजेरी लागणार म्हटल्यावर अख्खा वर्ग आला. बाहेरून एक ट्रेनर आले होते. स्क्रीनवर साठ प्रश्न. "बरोबर-चूक काही नाही, मनात पहिलं येईल ते टिक करा," असं त्यांनी सांगितलं. आता जिथे चूक उत्तरच नाही असा पेपर आम्हाला तीन वर्षांत पहिल्यांदाच मिळाला होता, त्यामुळे सगळे खूश!

प्रश्न साधारण असे. कामाचं आधी नियोजन करायला आवडतं का? (सबमिशनच्या आदल्या रात्री तीन वाजता जर्नल लिहिणाऱ्या जमातीला हा प्रश्न.) मोकळ्या वेळात एकटं राहायला आवडतं का? (एका रूममध्ये चौघी. एकटं राहायचं तर बाथरूममध्ये, आणि तिथेही बाहेरून कोणीतरी दार वाजवतंच.) अनोळखी माणसांशी स्वतःहून बोलता का? मी भाईंदरची. विरार फास्टच्या लेडीज डब्यात चढलेल्या भाईंदरच्या मुलीला बोरिवली यायच्या आधीच सात-आठ अनोळखी बायकांशी बोलावं लागतं. त्यांतल्या चौघींशी भांडावंसुद्धा लागतं, नाहीतर ती थेट वसईची खाडी ओलांडून नायगावला उतरते. मी 'हो, नेहमी' वर टिक केलं.

निकाल लगेच आला. माझी चार अक्षरं : ई-एन-एफ-पी. म्हणजे बोलकी, कल्पनांत रमणारी, भावनेने निर्णय घेणारी आणि वेळापत्रकाशी वाकडं असलेली. खाली रंगीत चौकटीत 'तुम्हाला शोभणारी क्षेत्रं' : एच.आर., जाहिरात, जनसंपर्क, शिक्षण. त्याखाली बारीक अक्षरांत, बारकाव्यांचं तांत्रिक काम तुम्हाला थकवू शकतं. ट्रेनर माझ्या स्क्रीनजवळ आले, हसले आणि म्हणाले, "तुम्ही इथे कुठे वाट चुकलात?"

सगळे हसले. मीही हसले.

पण रूमवर आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण चाचणीबरोबर एक फॉर्मही मिळाला होता. त्यात दोन चौकोन, 'टेक्निकल' आणि 'क्लायंट फेसिंग'. पुढच्या सेमिस्टरचं ट्रेनिंग त्याप्रमाणे विभागणार, आणि फॉर्म दिवाळीच्या सुट्टीनंतर द्यायचा. चाचणीआधी मी डोळे मिटून पहिल्या चौकोनात टिक केलं असतं. मला सर्किट्स आवडतात. मार्क भलेही तसं म्हणत नसतील, पण ब्रेडबोर्डवर एलईडी पहिल्यांदा लागतो तेव्हा जे वाटतं ते मला दुसऱ्या कशात वाटत नाही. चाचणीनंतर मात्र केटी लागलेला मॅथ्स थ्री, जळलेले दोन ट्रान्झिस्टर, व्हायव्हात अडकलेली प्रत्येक वेळ, सगळं एकदम त्या चार अक्षरांच्या बाजूने साक्ष द्यायला उभं राहिलं.

आणि मी एकटीच नव्हते. आमच्या रूममध्ये एक लातूरची आहे, आम्ही तिला 'लातूर'च म्हणतो. तिचं पहिलं अक्षर आय, म्हणजे अंतर्मुख. पुढची अक्षरंही थेट प्रयोगशाळेत नेऊन बसवणारी. तिच्या रिपोर्टमध्ये तंत्रज्ञान, संशोधन, विश्लेषण असं सगळं भरभरून. आम्हाला वाटलं ती नाचेल. तिने काय केलं? ग्रुप डिस्कशनच्या प्रॅक्टिसला यायचं बंद केलं. "मी आय आहे ना, मला ते जमणारच नाही," असं म्हणून पांघरूण ओढून झोपली. ही तीच मुलगी, जिने मागच्या वर्षी मेसच्या कॉन्ट्रॅक्टरसमोर पाऊण तास उभं राहून, आवाज न चढवता, आमटीत डाळ घालायला लावली होती. त्या दिवशी आम्ही बाकीच्या 'ई' तिच्या मागे लपलो होतो!

दिवाळीला घरी गेले तेव्हा फॉर्म बॅगेत होता, कोरा.

आमच्या घरी अशा चाचण्यांचा इतिहास जुना आहे. पहिली आजीची. तिच्याकडे माझी पत्रिका आहे, आणि त्यात मी राक्षसगणी. मी ताट न धुता उठले की ती पत्रिका लगेच खरी ठरते. दुसरी दादाची. तो 2018 च्या दहावीचा. 2016 पासून काही वर्षं राज्य मंडळ दहावीच्या मुलांची कल चाचणी घ्यायचं, तुमच्यापैकी अनेकांच्या दादा-ताईंनी दिली असेल. पास-नापास नाही, फक्त मुलाचा ओढा कुठे ते सांगायचं. क्षेत्रं सात : शेती, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक अशी. त्यांतच एक होतं गणवेशधारी सेवा. दादाचं नेमकं तेच आलं. झालं! पोलिसात जाणार म्हणून मामाने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. दादाने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. आता वसईला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, आणि तिथे खाकी शर्ट सक्तीचा आहे. मम्मी म्हणते, बघ, चाचणी खरी निघाली की नाही!

मम्मीच्या या वाक्याने मला एक आयडिया दिली. हॉस्टेलमध्ये रात्री दोन वाजता मी या विषयावर थोडंफार वाचलं होतं. त्यात बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाचा एक उद्योग सापडला. 1948 मध्ये त्याने आपल्या वर्गाची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला खास त्याच्यासाठी म्हणून एक वर्णन दिलं. ते किती जुळतं याला पाचपैकी मार्क द्यायला सांगितलं. सरासरी आली 4.26. मग त्याने सांगितलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली बरीचशी वाक्यं स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती.

मी वसुबारसेच्या दुपारी मम्मीवर तोच प्रयोग केला. ती चकल्या पाडत होती. माझ्या मोबाईलमध्ये लातूरचा रिपोर्ट होता (तिची परवानगी घेतली होती, नंतर घेतली, पण घेतली). तो माझा म्हणून मी मोठ्याने वाचला. "वरवर शांत वाटली तरी मनात सतत विचार चालू असतात. जवळच्या थोड्या माणसांतच मोकळी होते. स्वतःबद्दल जरा जास्तच कठोर आहे." मम्मी सोऱ्या थांबवून म्हणाली, "अगं अगदी तूच! कोणी लिहिलंय?" मग मी माझा वाचला. तोही अगदी मीच. आजीने लांबूनच विचारलं, "त्यात ताट धुण्याचं काही लिहिलंय का?"

आता हसण्यावारी नेणं सोपं आहे, पण मला या चार अक्षरांच्या मूळ बायकांबद्दल आदर वाटायला लागलाय हेही सांगितलं पाहिजे. या सगळ्या सोळा प्रकारांच्या चाचण्या जिच्यावरून निघाल्या ती मायर्स-ब्रिग्स चाचणी एका आईने आणि मुलीने तयार केली. आई कॅथरिन ब्रिग्स, मुलगी इसाबेल मायर्स. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. कार्ल युंगचं 1921 चं व्यक्तिमत्त्वप्रकारांवरचं पुस्तक आईला भिडलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत जाऊ लागल्या, तेव्हा मुलीला वाटलं की यांना आपापल्या स्वभावाचं काम शोधायला मदत करावी. 1962 मध्ये चाचणी छापून बाहेर आली. हेतू चांगलाच होता. आणि आजही ती विकणारी कंपनी स्वतःच सांगते की नोकरीसाठी माणसं निवडायला ही वापरू नका! आमच्या लॅबमध्ये हे वाक्य कोणी वाचून दाखवलं नाही.

दोष कुठे आहे ते मला माझ्याच ब्रँचच्या भाषेत सुचलं. सुट्टीत मी तशीच फुकटची चाचणी आणखी दोनदा दिली. एकदा फराळाची तयारी चालू असताना, एकदा पाहुणे येऊन गेल्यावर. पहिल्या वेळी 'पी'चा 'जे' झाला, कारण दिवसभर मम्मीच्या यादीप्रमाणे काम करून मी स्वतःला भयंकर शिस्तीची समजत होते. दुसऱ्या वेळी पाहुण्यांच्या लग्नाबिग्नाच्या प्रश्नांनंतर 'ई'चा चक्क 'आय' झाला. ही माझी एकटीची गंमत नाही, थोड्या आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं.

ज्यांनी कंपॅरेटर लावलाय त्यांच्या लक्षात आलं असेल. इनपुट संदर्भ व्होल्टेजच्या वर गेलं की आउटपुट एक, खाली गेलं की शून्य. इनपुट चांगलं लांब असेल तर काही अडचण नाही. पण ते संदर्भ व्होल्टेजच्या आसपासच घुटमळत असेल आणि त्यात थोडा नॉइज असेल, तर आउटपुट वेड्यासारखं वर-खाली उड्या मारतं. माणसांचं तसंच आहे. बोलकेपणा मोजला तर बहुतेक लोक मधेच सापडतात, टोकाला थोडे. आणि चाचणी रेघ मारते ती बरोबर मधे, जिथे सगळ्यात जास्त गर्दी! एकावन्न टक्के बोलकी आणि नव्वद टक्के बोलकी, दोघींना तेच 'ई'. एकावन्न आणि एकोणपन्नास मात्र दोन वेगळ्या जातीचे प्राणी. हा एका बिटचा एडीसी झाला. असला एडीसी मी मिनी-प्रोजेक्टमध्ये लावला असता तर सरांनी फाईल तोंडावर फेकली असती.

जास्त बिटांची चाचणी नाही का? आहे. मानसशास्त्रज्ञ स्वतः संशोधनात बहुतेक 'बिग फाइव्ह' वापरतात. पाच गुण, प्रत्येकाचा आकडा, खोकी नाहीत. अ‍ॅमकॅटसारख्या प्लेसमेंटच्या परीक्षांत व्यक्तिमत्त्वाचा जो भाग असतो तोही याच धर्तीचा. त्या पाचांतला एक गुण म्हणजे काम नेटाने पुरं करण्याचा. तो जवळजवळ सगळ्याच नोकऱ्यांत थोडा उपयोगी पडतो, असं 1991 मध्ये बॅरिक आणि माउंट या दोघांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं. थोडा म्हणजे किती? सहसंबंध 0.2 च्या आसपास. वर्ग करा, 0.04. म्हणजे माणसामाणसांच्या कामात जो फरक दिसतो, त्याच्या शंभर हिश्शांतले चार. उरलेले शहाण्णव कुठेतरी दुसरीकडे आहेत. आणि बघा, तो गुण 'जवळजवळ सगळ्याच' नोकऱ्यांत चालतो. तंत्रज्ञान की जाहिरात, या माझ्या प्रश्नाला त्याचं उत्तर नाहीच.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ट्रेनर हसले ते काही मला ओळखत होते म्हणून नाही. त्यांच्या डोक्यात 'टेक्निकल माणूस' नावाचा एक फोटो होता आणि मी त्यात बसत नव्हते. हा फोटो काढला कोणी? नेथन एन्समेंगर नावाच्या इतिहासकाराचं 'द कॉम्प्युटर बॉईज टेक ओव्हर' हे 2010 चं पुस्तक आहे, त्यात याची गोष्ट सांगितलीय. 1966 मध्ये कॅनन आणि पेरी या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या हजाराहून जास्त प्रोग्रामर्सच्या आवडीनिवडी तपासल्या. त्यांत पुरुष कितीतरी पटीने जास्त होते. निष्कर्ष असा निघाला की प्रोग्रामर्सना कोडी आवडतात आणि माणसांत फारसा रस नसतो. मग निवड करणाऱ्यांनी त्या नमुन्याशी जुळणारी माणसं शोधायला सुरुवात केली. तशीच माणसं शोधली की तशीच सापडणार, आणि पुढच्या पाहणीत पुन्हा तेच सिद्ध होणार. फीडबॅक लूप, तोही पॉझिटिव्ह! आणि हे होण्याच्या वीस वर्षं आधी, 1946 मध्ये जगासमोर आलेल्या एनिअ‍ॅक या कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग सहा बायकांनी केलं होतं. त्यांचा स्वभाव कोणी तपासून पाहिला नव्हता. काम येतं का एवढं पाहिलं होतं.

आता आमच्या गावातली गोष्ट सांगते, कारण माझा फॉर्म खरं तर तिथे भरला गेला.

भाईंदर म्हटलं की बाहेरच्यांना एकतर मिठागरं आठवतात नाहीतर लोकलमधली मारामारी. पण भाईंदर ईस्टला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. तुमच्या घरातला एखादा डबा आमच्याकडचा असू शकतो. माझे पप्पा अशाच एका गाळ्यात सुपरवायझर आहेत. धनत्रयोदशीला लोक भांडी घेतात, त्यामुळे दिवाळीआधीचे दिवस म्हणजे त्यांची वार्षिक परीक्षा. नेमकं त्याच आठवड्यात डबे काढायचं हायड्रॉलिक प्रेस मधेच बंद पडायला लागलं. चालू करायचं, पाच-सहा डबे निघायचे, पुन्हा ठप्प. एक शेवटची ऑर्डर अडकलेली, मालकांचा पप्पांना तासाला फोन. पप्पांनी रात्री जेवताना सांगितलं तेव्हा मी लगेच म्हटलं, "मी येते, मल्टिमीटर आहे माझ्याकडे." पप्पा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्याही दोन पोळ्या जास्त घेतल्या होत्या.

मी गेले तोवर त्यांनी पॅनेलवाल्याला बोलावलं होतं. हा माणूस म्हणजे ट्रेनरच्या डोक्यातला फोटोच. सुका, चष्मा, पप्पांच्या नमस्कारालासुद्धा नुसती मान हलवली. मी मनात म्हटलं, हे खरे 'आय'. मी मल्टिमीटर काढून तयार. पॅनेलचं दार उघडायला हात पुढे केला, तर म्हणाले, "रुको बेटा."

आणि मग हा माणूस मशीनवरच्या चाचांशी अर्धा तास बोलला! एक स्टूल ओढून बसला, चहा मागवला. बंद पडतं ते सकाळी की दुपारी? सगळ्या डब्यांना की एखाद्या मापालाच? बंद व्हायच्या आधी आवाज बदलतो का? हे सुरू कधी झालं, त्याच्या आधी कारखान्यात काय नवीन झालं? चाचा आधी बिचकले, त्यांना वाटलं चूक त्यांच्यावर येणार. तर हा म्हणतो, "आपसे अच्छा इसको कौन जानता है." मग चाचा खुलले. सकाळी ठीक चालतं, दुपारनंतर बिघडतं. मोठ्या डब्यांनाच. आणि बोअरचं पाणी कमी पडायला लागल्यापासून टँकर येतोय.

पॅनेलवाला उठला, मशीनच्या मागे गेला आणि तेल थंड ठेवणाऱ्या कूलरच्या पाइपवर हात ठेवला. मला म्हणाला, तू पण ठेव. चटका बसला. पाण्याच्या क्षाराने कूलर आतून बुजला होता. मोठ्या डब्यांना जोर जास्त, तेल जास्त तापतं, दुपारपर्यंत मर्यादा ओलांडते आणि टेम्परेचर स्विच इमानेइतबारे मशीन बंद करतो. पॅनेलमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं. ते त्यांनी उघडलंसुद्धा नाही. मी असते तर दिवसभर त्यातल्या एकेक वायरीला प्रोब लावत बसले असते, आणि संध्याकाळी थंड झालेलं मशीन सुरू झालं की माझी पाठ थोपटून घेतली असती.

जाताना मी त्यांना विचारलंच, तुम्हाला लोकांशी बोलायला आवडतं का? ते जरा विचारात पडले. म्हणाले, "नहीं. सर दुखता है." आणि बॅग उचलून निघून गेले.

यावर पप्पांशी त्या रात्री बोलणं झालं. मी पहिल्यांदाच फॉर्मबद्दल सांगितलं, ट्रेनर काय म्हणाले तेही. पप्पांचं शिक्षण बारावी, पण त्यांनी वीस वर्षांत कितीतरी मुलं कामाला लावली. मी विचारलं, "पप्पा, तुम्ही कशावरून ओळखता कोणता मुलगा कुठे बसवायचा?" ते म्हणाले, "ओळखत नाही. पंधरा दिवस सगळीकडे फिरवतो. जिथून त्याला उठवून जेवायला पाठवावं लागतं, तिथे ठेवतो." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि तरी चारातला एक चुकतोच."

याला शास्त्र म्हणत नाहीत हे मला कळतं. सगळ्या कॉलेजला पंधरा दिवस सगळीकडे फिरवणं शक्य नाही, साठ प्रश्न वीस मिनिटांत होतात, हेही कळतं. आणि एस.एस.बी. ला जाऊन आलेला आमचा एक सीनियर सांगतो की तिथेही मानसशास्त्राचे पेपर असतातच. पण तिथे पाच दिवस ठेवून घेतात, मैदानावर दोऱ्या-फळ्या देऊन काम करायला लावतात, मुलाखत वेगळी, आणि तीन वेगवेगळे अधिकारी मिळून ठरवतात. कागद एकटा बोलत नाही. आमच्याकडे एकट्या कागदाने बोलून टाकलं, आणि कामाचा पत्ताच नव्हता. मी एकही डिझाइन इंजिनिअर काम करताना पाहिलेला नव्हता, एकही एच.आर.वाली पाहिलेली नव्हती. 'बारकाव्यांचं काम तुम्हाला थकवतं का?' याला मी कशावरून उत्तर दिलं? अकरावीतल्या जर्नलवरून!

तरी चाचणी अगदीच फुकट गेली असं मी म्हणणार नाही, तो खोटेपणा होईल. माझ्या रिपोर्टमध्ये एक वाक्य होतं की तुम्ही कामं उत्साहाने सुरू करता आणि अर्धवट सोडता. ते झोंबलं, कारण माझ्या हॉस्टेलच्या पलंगाखाली तेव्हा तीन अर्धवट सोल्डर केलेले बोर्ड होते. (हेच मम्मी गेली दहा वर्षं फुकट सांगते, पण रंगीत चौकटीत नाही.) आणि लातूरला तर एका गोष्टीचा खराच फायदा झाला. गॅदरिंगच्या गोंधळात दोन तासांत तिचं डोकं का उठतं, हे तिला कधी कळत नव्हतं. तिला वाटायचं आपण शहरात नवीन म्हणून कमी पडतो. असे पुष्कळ लोक असतात आणि त्याला नुसतं एक नाव आहे, हे कळल्यावर ती सुटल्यासारखी झाली. त्याच नावाने तिला जी.डी.च्या खोलीबाहेर ठेवलं, हीच तर पंचाईत.

सुट्टीनंतर परतले त्या रात्री आमच्या रूमवर बैठक झाली. फराळाचे डबे मधे. मी लातूरला पॅनेलवाल्याची गोष्ट सांगितली, त्यांच्या डोकेदुखीसकट. ती चकली खात ऐकत होती. मग विचारलं, "त्यांना जमलं, पण आवडलं नाही, असंच ना?" मी म्हटलं, हो. "मग ठीक आहे," म्हणाली. त्या गुरुवारी ती जी.डी.ला आली. वीस मिनिटांत दोनच वाक्यं बोलली, पण दुसऱ्या वाक्यानंतर बाकीचे नऊ जण तिच्याच मुद्द्यावर भांडत होते. परत येऊन क्रोसिन घेऊन झोपली.

मी फॉर्म दिला. 'टेक्निकल'. प्लेसमेंटच्या सरांनी फाईलमधला माझा रिपोर्ट काढला, फॉर्म पाहिला, पुन्हा रिपोर्ट पाहिला. "तुझा तर दुसरा ग्रुप येतोय."

"सर, माझे तीन रिपोर्ट आहेत. तिन्ही वेगळे आलेत. कोणता लावू?"

सर हसले आणि शिक्का मारला. खरं सांगायचं तर तो शिक्का पडताना पोटात गोळा आला होता. ट्रेनर बरोबर असतील तर? चारातला एक चुकतोच, आणि ती एक मी असेन तर? ते अजून ठरायचंय. पलंगाखालच्या तीन बोर्डांपैकी दोन पुरे झालेत. तिसऱ्यात कुठेतरी शॉर्ट आहे, सापडत नाहीये. कोणाला वेळ असेल तर रूमवर या. आधी अर्धा तास बोलू, मग मल्टिमीटर काढू. फराळ मात्र संपलाय.